बीअरच्या बाटलीवर धान्य ठळक छापा

संपादक महोदय,

मला सिलिअ‍ॅक आजार आहे. गहू, बार्ली, राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन किंचित जरी पोटात गेलं, तरी माझ्या आतड्याला इजा होते. बीअर तर सहसा बार्लीचीच, म्हणून ‘मग बीअर सोडून दे’ असं लोक सहज म्हणतात. पण चारचौघांत बसल्यावर आपल्यालाही चवीचं काही मिळावं, यात गैर काय?

ग्लुटेन-फ्री बीअर मिळते, पण बरीचशी ज्वारीच्या सिरपपासून बनलेली. पहिल्या घोटाला आंबूस, मागाहून जिभेवर धातूसारखी चव, आणि फेस बघता बघता बसतो. याउलट वरी-राळ्यासारखं बारीक मिलेट आणि बकव्हीट (कुट्टू, हा गहू नव्हे) यांना मोड आणून, वाळवून, थोडं भाजून केलेली बीअर एकदा पिऊन बघा! तिला खमंग वास येतो, फेस ग्लासाच्या कडेला धरून राहतो. अशी बीअर बनवणाऱ्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

खरी काळजी ‘ग्लुटेन कमी केलेल्या’ बीअरची आहे. ती बार्लीचीच असते, फक्त एन्झाइम घालून त्यातलं ग्लुटेन तोडलेलं असतं. आंबवल्यानंतर उरलेले तुकडे चाचणीत नेमके मोजता येत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या २०२० च्या नियमानुसार आंबवलेल्या पदार्थाला ग्लुटेन-फ्री म्हणायचं, तर कच्चा माल आंबवण्याआधीच तसा असावा लागतो. युरोपात मात्र ग्लुटेनचं मोजमाप २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आत आलं की बार्लीची बीअरही ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकता येते.

उत्पादकांनी बीअर कोणत्या धान्याची आहे, ते बाटलीच्या दर्शनी भागावर ठळक छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक