सॅन अँटोनियोला येण्याआधी वाचा

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

"तिथे सगळे स्पॅनिश बोलतात, मग दिवसभर तू कामावर असताना आमचं कसं व्हायचं?" हा बाबांचा प्रश्न. फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. स्पॅनिश वाक्यं देवनागरीतच लिहिली आहेत. आई, हा कागद पर्समध्येच ठेव.

इंग्रजीवर तुमचं इथे सगळं निभेल. २०२० च्या जनगणनेत सॅन अँटोनियोची वस्ती १४ लाख ३४ हजार होती आणि त्यातले जवळजवळ ६४ टक्के लोक हिस्पॅनिक, म्हणजे ज्यांची मुळं मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आहेत असे. पण हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश बोलणारा, असं इथे धरून चालू नका. टेक्सासात १९१८ च्या कायद्याने शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हा ठरवलं होतं आणि तो कायदा १९६९ पर्यंत टिकला. वर्गात स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या त्या पिढीतल्या कितीतरी आईबापांनी मुलांशी घरीसुद्धा इंग्रजीच बोलायचं ठरवलं. त्यामुळे गार्सिया आडनावाच्या तिशीतल्या मुलाला स्पॅनिश येत नसेल आणि त्याचं त्याला ओशाळवाणंही वाटत असेल. चेहरा किंवा आडनाव बघून कुणावर "ओला" (स्पॅनिश नमस्कार) फेकू नका.

उलटं मात्र होणार. बाबांचा रंग आणि मिशा बघून दुकानातली एखादी आजी थेट स्पॅनिशमध्ये सुरू होईल. तेव्हा नुसतं हसून मान हलवायची नाही. मान हलली की तिला वाटतं कळलं, आणि गाडी आणखी सुसाट सुटते. सरळ म्हणायचं: "पेर्दोन, नो आब्लो एस्पान्योल. सोय दे ला इंदिया." माफ करा, स्पॅनिश येत नाही, मी भारतातला. इथे "इंदियो" म्हणायचं नाही. मेक्सिकन बोलीत तो तिथल्या आदिवासींना हिणवून वापरला जाणारा शब्द आहे. "दे ला इंदिया" एवढंच पुरे. काही जण तुम्हाला "हिंदू" म्हणतील. त्यांच्या जुन्या वापरात त्याचा अर्थ "भारतीय" असाही होतो, तेव्हा धर्म विचारताहेत असं समजू नका.

बाबा, "तुम्ही मूळचे कुठले, इकडे कधी आलात?" ही आपली ओळख काढायची रीत इथे आवरती घ्या. टेक्सास १८४५ साली अमेरिकेत आलं. त्याच्याही आधीपासून काही घराणी इथे आहेत, आणि त्यांना "कधी आलात" विचारणं म्हणजे पुण्यातल्या पेठेत सात पिढ्या राहिलेल्याला तेच विचारण्यासारखं. दुसरीकडे ज्याचं कुणाचं कागदपत्रांचं अडलेलं असेल, त्याला याच प्रश्नाने धडकी भरते. गप्पा मारायच्या तर नातवंडांच्या मारा, नाहीतर स्वयंपाकाच्या. आणि लोकांना "स्पॅनिश" म्हणू नका, स्पॅनिश म्हणजे स्पेनचे.

भाषा आली नाही तर इथे कुणी मनावर घेत नाही. न बोलता आत शिरलेलं मात्र लक्षात ठेवतात. छोट्या दुकानात, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, लिफ्टमध्ये पाऊल टाकताना सगळ्यांना मिळून एकदा म्हणायचं: दुपारी बारापर्यंत "ब्वेनोस दीयास", अंधार पडेपर्यंत "ब्वेनास तार्देस", त्यानंतर "ब्वेनास नोचेस". घड्याळ बघायचा कंटाळा आला तर नुसतं "ब्वेनास" चालतं. कुणाच्या पुढून जाताना "कोन पेर्मीसो", जेवत असलेल्यांच्या बाजूने जाताना "प्रोवेचो". ऐकू आलं नाही तर जुन्या वळणाचे मेक्सिकन लोक "मांदे?" म्हणतात, आपल्या "काय म्हणालात?" सारखं. या पाच-सहा शब्दांनंतर पुढचं सगळं इंग्रजीत बोललात तरी चालतं.

उच्चारांत तुम्ही बहुतेक अमेरिकनांच्या पुढे आहात, हे मी कौतुकाने सांगत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याचा "ट" आणि श्वास सोडत येणारा "प" स्पॅनिशमध्ये खटकतो. आपले त, द, प जसेच्या तसे बसतात. स्वर पाचच, आ ए ई ओ ऊ, आणि लिहिले तसेच उच्चारायचे. इंग्रजी अक्षरांची पाटी वाचताना एवढं ध्यानात ठेवा: एच गप्प असतो, जे चा घशातून ह, दोन एल चा य, व्ही चा ब किंवा मऊ व, झेड चा स, आणि एन वर नागमोडी रेघ असेल तर न्य. च नेहमी चहातला, चमच्यातला कधीच नाही. शब्दाच्या सुरुवातीचा र आणि दोन आर मात्र जिभेने चांगले थरथरवा.

ती नागमोडी रेघ विसरू नका. वय सांगताना "आन्योस" म्हणायचं. "आनोस" म्हणालात तर त्याचा अर्थ पत्रात लिहिण्यासारखा नाही. देवनागरीत एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे आघात. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर, आणि वर तिरकी रेघ असेल तर जिथे रेघ तिथे. पहिल्या "पा" वर जोर दिला तर पापा म्हणजे बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा.

वाक्यरचना तर मराठीच्या घरचीच वाटते. "मे गुस्ता एल काफे" म्हणजे "मला कॉफी आवडते", तोच "मला", तशीच आवडणारी कॉफी. "मे द्वेले आकी", मला इथे दुखतंय. दुकानात "मे दा दोस, पोर फाव्होर", मला दोन द्या. "मी", "तू" वाक्यात बहुधा येतच नाहीत, क्रियापदावरून कळतात, आपल्या "जेवलो" सारखेच. तू आणि तुम्ही असे दोन्ही आहेत, "तू" आणि "उस्तेद". अनोळखी माणसाला उस्तेदच, मग तो वीस वर्षांचा वेटर का असेना. आणखी एक शब्द, "आय", म्हणजे "आहे". विचारताना शेवटी सूर वर न्यायचा: "आय लेचे?", दूध आहे का? आईला हाक मारल्यासारखा शब्द, विसरायचा प्रश्नच नाही. "आओरीता" म्हणजे "आत्ता", पण आपल्या "आलोच" इतकाच खरा.

आता खाण्याचं, कारण खरा घोळ इथे आहे. "सिन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगितलं तर कोंबडी घातलेलं ताट येऊ शकतं. "कार्ने" म्हणजे बऱ्याच जणांच्या लेखी गाय किंवा डुक्कर, कोंबडी आणि मासे वेगळे. म्हणून पूर्ण म्हणा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो." आई स्वतःला "वेहेतार्याना" म्हणेल, बाबा "वेहेतार्यानो".

त्याहून फसवी डुकराची चरबी, "मान्तेका". घोटलेल्या राजम्यात, मैद्याच्या तोर्तियात (म्हणजे पातळ पोळीत), तामालेच्या (मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेल्या पदार्थाच्या) पिठात ती परंपरेनेच असते आणि दिसत नाही. विचारायचं: "लोस फ्रिहोलेस येवान मान्तेका?" उत्तर "आसेइते" आलं तर तेल, खुशाल खा. "पोकीतो" म्हणजे थोडीशी, म्हणजे आहे. मग लगेच "इ तोसीनो?" हेही विचारा, कारण "चारो" राजम्यात बेकन असतो. केशरी भात दिसायला आपल्या टोमॅटो भातासारखा, पण तो बहुधा कोंबडीच्या रश्श्यात किंवा त्याच्या पुडीवर शिजवलेला असतो. तो सोडाच. मक्याच्या तोर्तियात मका, पाणी आणि चुना एवढंच असतं, त्या बिनधास्त मागा: "तोर्तिया दे माईस". आत पापा कोन केसो (बटाटा आणि चीज), राहास (मिरचीच्या भाजलेल्या पट्ट्या) किंवा नोपालेस (निवडुंगाची भाजी). डबाबंद राजमा घेताना "व्हेजिटेरियन" छापलेलाच घ्या, शेजारचा हुबेहूब तसाच डबा चरबीचा असू शकतो. पानादेरियात, म्हणजे मेक्सिकन बेकरीत, ताट आणि चिमटा घेऊन आपलं आपण उचलायचं असतं, हात लावायचा नाही. पण तिथल्या बऱ्याच पावांत अंडं असतं, कशाकशात चरबीही असते.

बाजारात मात्र आईला बरंच ओळखीचं सापडेल. इथलं मोठं किराणा दुकान म्हणजे एच-ई-बी. "पिलोनसीयो" म्हणजे शंकूच्या आकाराचा गूळ. "वेर्दोलागास" ही आपली घोळ. "कामोते" रताळं. "आलेग्रीया" म्हणजे राजगिऱ्याची वडी, उपासाला चालेल. "हामायका" म्हणजे लाल अंबाडीची बोंडं, त्यांचं सरबत करतात. ठेच्यासाठी हालापेन्यो मिरची नको, सेर्रानो घे, ती जास्त तिखट असते. पनीरला पर्याय "केसो पानेला", तो तव्यावर वितळत नाही, फक्त भाजीत मीठ बेताने घाल. आणि फळांच्या ढिगावर "तूना" लिहिलेलं दिसलं तर मासा समजून पळू नकोस, ते निवडुंगाचं बोंड. मासा तो "आतून".

"आरीना" लिहिलेल्या पिशवीत मैदा असतो, त्याच्या पोळ्या करायला जाऊ नकोस. कणीक आपल्या दुकानातून आणून ठेवते. मक्याची भाकरी करायची तर "मासा आरीना" घे. हा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो, म्हणून पीठ चिकट होऊन छान मिळून येतं, साध्या मक्याच्या पिठासारखं तुटत नाही. दोन कप पिठाला दीड कप कोमट पाणी, वीस मिनिटं झाकून ठेवायचं. दाबताना कडा फाटल्या तर पाणी कमी, हाताला चिकटलं तर जास्त. इथल्या तव्याला "कोमाल" म्हणतात.

छोट्या टाकेरियात, म्हणजे टाको विकणाऱ्या खाणावळीत, स्वच्छतागृहाच्या दारावर नुसतं एम आणि एच असेल तर बाबा, एम म्हणजे मेन नव्हे. एम म्हणजे "मुहेरेस", बायका. एच म्हणजे "ओम्ब्रेस". दारावर "हाले" असेल तर ओढा, "एम्पूहे" असेल तर ढकला.

दवाखान्यात चेहरा बघून स्पॅनिश फॉर्म हातात देतील. लगेच "इंग्लिश, प्लीज" म्हणा, नाहीतर नोंदीत तुमची भाषा स्पॅनिश पडते आणि पुढची पत्रं, औषधांच्या सूचना सगळं त्याच भाषेत येऊ लागतं. दुभाषा मागायचा हक्क तुम्हाला आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला तो फुकट द्यावा लागतो, बहुधा फोनवरून मिळतो. आधी मराठी मागा, वेळ लागतोय असं दिसलं तर हिंदी. शेजाऱ्याच्या मुलाला मध्ये घालू नका, पोटाच्या तक्रारी त्याच्यासमोर बाबा सांगणारच नाहीत. ९११ ला फोन करायची वेळ आली तर पहिलं वाक्य घराचा पत्ता, इंग्रजीत. बाकी सगळं त्यानंतर.

तुम्ही मार्चमध्ये येताय, म्हणजे एप्रिलमधली फिएस्ता, इथला शहरभरचा उत्सव, सापडेल. त्या दिवसांत कुणी हसत डोक्यावर अंडं फोडलं तर चिडू नका. ते "कास्कारोन", आतून रिकामं करून धुऊन वाळवलेलं टरफल, त्यात रंगीत कागदाचे कपटे भरलेले असतात. शुभ मानतात. तुम्हीही फोडा, पण आधी तळहातात चुरगाळा आणि मग डोक्यावर शिंपडा, नाहीतर टरफल लागतं.

आई, राजमा घोटताना इथल्या बायका पोटफुगीवर "एपासोते" नावाचा उग्र वासाचा पाला घालतात. तो तुला आवडणार नाही. येताना हिंगाची डबी आण, दोन आण. समोरच्या आजींना एक देऊ.

तुमची,
लेक