राजीनाम्याआधी वाच

मालवण

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता ‘बरं आई, ठेवते’ म्हणालीस, म्हणून राहिलेलं लिहिते आहे. दिवाळी अंकाने तुझी कथा घेतली हे मी खानावळीत येईल त्याला सांगते आहे. बाबा तोंडाने काही बोलले नाहीत, पण तू पाठवलेली प्रत मागून घेतली आणि माडीवर जाऊन वाचली. नानांचं झाल्यापासून ते माडीवर चढत नाहीत, तुला ठाऊक आहे.

लिहिण्यासाठी नोकरी सोडायची म्हणतेस, पण राजीनाम्याचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. कथेबद्दलच लिहिते.

तुझी पारू बांगडे विकताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून उदास हसते. तसं नसतं गो. मासेवाली आधी पिशवीकडे बघते. पिशवी रिकामी दिसली की भाव चढा सांगते, आणि आत आधीच मासे दिसले की ‘घे, शेवटचो वाटो’ म्हणून गळ्यात मारते. बर्फाचं पाणी कोपरावरून ओघळत असतं आणि त्याच हाताने ती ओल्या नोटा मोजते. हे लिहिलंस तर उदास हा शब्द लागणारच नाही. रापणही तू होडीतून ओढायला लावली आहेस. होडी जाळं समुद्रात गोल टाकून येते, पण त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर उभं राहून माणसं ओढतात. आपल्या दांडीच्या किनाऱ्यावर तू कितीदा बघितलंयस! आणि जुलैमध्ये ट्रॉलर निघतो कसा? जून-जुलै मासेमारी बंद असते, लहान पोर सांगेल. पुण्यातल्या वाचकाला कळणार नाही हे खरं, पण इथल्या एकाला जरी कळलं तरी तो पुढचं पान विश्वासाने वाचायचा नाही.

माणसांची बोलणी मोठ्याने वाचून बघ. तुझा तांडेल, होडीवरचा मुख्य, मालवणचा, आणि बोलतो सदाशिव पेठेतल्यासारखा.

पगार चालू असतानाही हे सगळं होतं, मेघा. श्री. ना. पेंडसे दापोलीकडच्या मुर्डीचे. बेस्टमध्ये नोकरी करत त्यांनी कोकणावर एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या. तू म्हणशील, आणि चिं. त्र्यं. खानोलकर? आपल्या कुडाळात खानावळ चालवणारा माणूस कविता लिहून एवढा मोठा झाला, हे मीच तुला लहानपणी सांगितलं. पण १९७६ साली ते गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते, हे तेव्हा सांगितलं नव्हतं. खानावळ म्हणजे काय ते मला विचार. सकाळी तांदूळ निवडताना संध्याकाळच्या उधारीचा विचार असतो. त्यात डोकं रिकामं राहत नाही. तुझं मानधन अंक निघाल्यावर कधीतरी येणार, आणि खोलीचं भाडं दर महिन्याला द्यावं लागणार. भाड्याच्या काळजीत बसलेली मुलगी तुझ्यासारखी कथा लिहील का?

पहाटे ऑफिसच्या आधी अर्धा तास बस. रोज बस, सुचो न सुचो. लिहून झालं की आठ-पंधरा दिवस त्याच्याकडे बघू नकोस, मग लाल पेन घेऊन बस. जिथे तुला स्वतःचं वाक्य फार आवडलंय तिथे आधी थांब. एकच कथा दोन अंकांना पाठवू नकोस, नाव खराब होतं. स्वतःजवळ प्रत ठेव. दिवाळी अंकाला द्यायचं तर पावसाळ्याच्या तोंडालाच पाठवावं लागतं, गणपतीत घाई करून उपयोग नाही. परत आली तर रडत बसू नकोस, दुसरीकडे पाठव. आणि दुसऱ्यांचं वाच, तू हल्ली स्वतःचंच वाचतेस.

बघ, लागले शिकवायला. रागावू नकोस. दहावी झालेल्या आईने एम. ए. झालेल्या मुलीला असं सांगू नये, कळतं मला. पण गल्ल्यावर बसून मी मासिकं वाचत आले आहे, कुठली कथा अर्ध्यात सोडावीशी वाटते ते मला समजतं.

कथेत आजी जाते तिथे तू अश्रूंचा पूर आणला आहेस. तू तेव्हा वसतिगृहात होतीस, म्हणून सांगते. त्या दुपारी मी पायाशी बसले होते. तिने डोळे उघडले आणि विचारलं, “गुरांका पाणी दाखयलंस काय गो?” गुरं विकून कितीतरी वर्षं झाली होती. मी हो म्हटलं. मग ती कुशीवर वळली आणि पदर तोंडावर ओढून घेतला, ऊन लागल्यावर घेतात तसा. मी उठून भात बघायला गेले, कारण उताला येत होता. रडणं रात्री आलं, सगळे जेवल्यावर. हे तू लिही. माझं नाव घातलंस तरी चालेल. तुझ्या हातून हे चांगलं उतरेल याची मला खात्री आहे, आणि ती खात्री आहे म्हणूनच नोकरीचं बोलते आहे. नाहीतर म्हटलं असतं, कर काय करायचं ते.

दादाला यातलं काही सांगितलेलं नाही. तो आधीच कर्जाच्या हप्त्यांत आहे.

लाडवांचा डबा शेजारच्यांबरोबर पाठवते आहे, घरी असशील ती वेळ कळव. आणि राजीनाम्याचा कागद आधीच दिला असशील तर तसं सरळ सांग, माझ्यापासून लपवू नकोस. दिला नसशील तर निदान ही एक कथा छापून येईपर्यंत थांब.

तुझी
आई