दादाविषयी, बाबांच्या प्रश्नाला उत्तर

पर्वरी, गोवा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाच्या दारूवरून "आम्ही त्याला काय कमी केले?" हा बाबांचा प्रश्न फोनवर उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र.

फी, पुस्तके, चवथीचे नवे कपडे यांत काहीच कमी नव्हते. मानसशास्त्रज्ञ मात्र वेगळेच विचारतात. गॉर्डन पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये २५ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वयाची पहिली १६ वर्षे आठवून ती आईसाठी आणि वडिलांसाठी वेगवेगळी भरायची असते. माया किती मिळाली आणि बंधन किती होते, एवढेच ती मोजते, आणि माया कमी, बंधन जास्त हा मेळ त्यांत सर्वांत जाचक मानला जातो. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या मांडणीनुसार, आई-वडिलांच्या वागण्यावरून मूल केवळ त्यांच्याविषयी नव्हे, तर आपण मायेस पात्र आहोत की नाही याविषयीही मनाशी अंदाज बांधते. तो अंदाज नकाराचा असेल तर दारू त्याला घटकाभर गप्प करते, आणि नशा उतरल्यावर त्यात प्यायल्याची लाज तेवढी वाढलेली असते.

बाबा, खाणीवरच्या पहाटेच्या पाळ्या तुम्ही आमच्यासाठीच केल्या, हे मला ठाऊक आहे; दादापर्यंत मात्र प्रगतिपुस्तकावरची तुमची नाराजीच पोहोचत राहिली. आई, तुझ्या काळजीमुळे त्याचा प्रत्येक निर्णय तूच घेत आलीस, नोकरीचा अर्जसुद्धा.

याचा अर्थ तुम्ही त्याला दारूडा केलेत, असा मुळीच नाही. त्याच घरात मीही वाढले. आजोबांचे पिणे, त्याचे मित्र, आपल्याकडची स्वस्त दारू आणि नाक्यानाक्यावरचे बार हेही हिशेबात धरावे लागतात. शिवाय अशा प्रश्नावलीत उतरते ती आठवण असते, आणि खचलेल्या माणसाला बालपण आहे त्याहून काळे आठवू शकते.

बुधवारी उपचार केंद्रात समुपदेशकांनी आपल्या तिघांना बोलावले आहे. "कधी सोडणार?" हा प्रश्न त्या दिवशी कृपा करून कोणीही विचारू नये, तो बोलू लागला तर त्याला पुरे बोलू द्यावे. घरी आल्यावर कुळागराला पाणी सोडण्याचे काम त्याच्याकडे द्या आणि बाबा, मागून जाऊन पाट तपासू नका. एखादी पोफळ सुकली तरी चालेल.

मी सकाळी गाडी घेऊन येते. आईच्या साखरेच्या गोळ्या बरोबर ठेवा.

तुमची मुलगी