भूत नाही म्हणून हॉरर नाही?

संपादक महोदय,

परवा कोथरूडला मित्राकडे यावरून जाम वाद झाला, त्याचं म्हणणं सिनेमात भूत नसेल तर तो थ्रिलर, हॉरर नाहीच. अहो मग हिचकॉकचा १९६० चा 'सायको' कुठे टाकायचा? त्यात ना भूत ना चेटकीण, मोटेल चालवणारा एक लाजाळू पोरगा, आणि तरी बाथरूमचा पडदा सरकला की आजही पोटात गोळा येतो. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' या माणसं खाणाऱ्या डॉक्टरच्या सिनेमाला ५ ऑस्कर मिळाली, त्यालाही लोक थ्रिलरच म्हणतात, हॉरर म्हणायला कमीपणा वाटतो बहुतेक. भूत एकवेळ परवडलं, मारुती स्तोत्र तरी म्हणता येतं, पण समोरचा सभ्य दिसणारा माणूसच खुनी निघाला तर काय करायचं? मी तर त्या रात्री जिन्यातला दिवा लावूनच वर गेलो.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे