काकू, तुम्ही आधी मीटर बघायला लावलेत

आदरणीय काकू,
साष्टांग नमस्कार.

नवी मुंबईत बेलापूरला घेतलेल्या घराची चावी हातात आली. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "छान झालं, आता पाण्याचं आणि विजेचं बिल नावावर करून घ्या" म्हणालात आणि फोन ठेवलात. आभार मानायला जागाच ठेवली नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. बेलापुरात घर शोधणारी आमच्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

आम्ही डोंबिवलीकर. माझं ऑफिस बेलापूरच्या व्यापारी भागात, सीबीडीत, सेक्टर ११ ला, ह्यांचं काम तळोजा एमआयडीसीत. ठाण्याला गाडी बदलून पनवेल लोकल पकडायची, यात दोघांचाही जीव मेटाकुटीला यायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली तेव्हाच मनात आलं की दोघांना सोयीचं ठिकाण आता हेच. ऑफिसातल्या मैत्रिणीला बोलले, तर ती म्हणाली, "माझ्या मावशीला भेट. सगळी नोकरी कोकण भवनात, सरकारी कचेरीत केली, राहायलाही इथेच." ती मावशी म्हणजे तुम्ही.

तुमचं पहिलं वाक्य अजून लक्षात आहे. "ऑफिस जवळ म्हणून घर घेऊ नकोस. ऑफिस बदलतं." मग विचारलंत, बेलापूर कधी बघितलंस? मी म्हटलं, रोजच बघते. तुम्ही म्हणालात, "ते कामाचं बेलापूर. रविवारी ये. रात्री नऊनंतर ये. पावसात भरतीच्या वेळी ये."

नवी मुंबईची आखणी करताना सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, वाशी, नेरूळ असे नोड, म्हणजे शहराचे स्वतंत्र भाग, पाडले आणि शहराचं व्यापारी केंद्र म्हणून बेलापूर ठेवलं. सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँक, पुढे महापालिकेचं मुख्यालय, सगळं इथे आलं. हे शाळेपासून ठाऊक होतं. पण अशा ठिकाणी राहणं म्हणजे काय, ते तुमच्यामागून चालताना कळलं. रविवारी सेक्टर ११ मध्ये चहाची टपरीसुद्धा उघडी नव्हती. सेक्टर १५ ला उलट, रात्री उशिरापर्यंत हॉटेलांची वर्दळ आणि गाड्यांचे हॉर्न. आणि कामाच्या दिवशी सकाळी राहत्या गल्ल्यांमध्ये बाहेरून आलेल्या गाड्या दुतर्फा लागलेल्या. रहिवाशालाच स्वतःच्या फाटकातून गाडी काढता येईना. हायवे ओलांडून पारसिकच्या डोंगराकडे गेलो तेव्हा मात्र भाजीवाला, पिठाची गिरणी, झाडाखाली बसलेले आजोबा असं नांदतं बेलापूर दिसलं. एकाच नोडात दोन-तीन गावं आहेत, हे नकाशा बघून कधीच समजलं नसतं.

त्या दिवशी तुम्ही वाट वाकडी करून आर्टिस्ट व्हिलेजमध्ये नेलंत. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली ती बैठी वस्ती. सात-सात घरांच्या मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं सामाईक अंगण, आणि कुणाचीही भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडलेली नाही, म्हणजे ऐपत येईल तसं ज्याने त्याने घर वाढवावं. आता तिथे कित्येक घरांवर मजले चढलेत, मूळचं रूप शोधावं लागतं. तुम्ही एका अंगणात थांबलात आणि म्हणालात, "घर बघताना माणसं कुठे भेटतात ते बघ." आमच्या बजेटात तिथलं काही बसणारं नव्हतंच. पण तेव्हापासून कुठल्याही सोसायटीत गेले की मी आधी ती जागा शोधायची. मला ही कसोटी अजूनही चौरस फुटांच्या हिशेबापेक्षा मोलाची वाटते.

आणि तो मीटर! एका इमारतीतला फ्लॅट आम्हाला फार आवडला होता. एजंट टोकन द्या म्हणून मागे लागला होता, दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय म्हणाला. तुम्ही वर आलातच नाही. जिन्याखालच्या मीटररूममध्ये गेलात आणि मला हाक मारलीत. विजेचे मीटर छातीच्याही वर लावलेले, आणि खाली भिंतीत जुन्या खिळ्यांची भोकं व फळीचा पुसट चौकोन. "मीटर वर का सरकवले असतील?" तुम्ही एवढंच विचारलंत. मग वॉचमनला विचारलंत, तर तो सरळ सांगून मोकळा झाला की जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की तळमजल्यावर पाणी भरतं.

घरी जाताना तुम्ही धारण तलावांचं सांगितलंत. ही जमीन खाडीकाठची, सखल. म्हणून आखणीतच तलाव ठेवले. भरतीला झडपा मिटतात, खाडीचं पाणी आत येत नाही, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. व्यवस्था उत्तम, पण तलावांत गाळ साचला, त्यावर कांदळवन उगवलं, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढणं अडून बसलं. साठवायची जागाच कमी झाली तर पाणी जाणार कुठे? हे एजंटच्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नसतं.

कागदांच्या बाबतीत तर तुम्ही माझी शिकवणीच घेतलीत. जमीन सिडकोची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. पट्टा १९८८ चा असेल तर २०४८ ला संपतो, मग वीस वर्षांचं कर्ज घेताना किती वर्षं उरतात ते मांडून बघ. भाडेपट्टा सोसायटीच्या नावावर झालाय, की अजून बिल्डरच्याच? आधीच्या मालकांनी हस्तांतरण शुल्क भरून सिडकोकडे नोंद केली का? ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का? गावठाणालगतच्या एका इमारतीत बराच स्वस्त फ्लॅट मिळत होता. ओसीचं विचारताच समोरचा "सगळं होऊन जाईल" म्हणाला. तुम्ही तिथेच हात जोडून उठलात. बाहेर आल्यावर मात्र हेही म्हणालात की या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न खरा आहे, त्यांना नावं ठेवू नकोस. पण त्या आडून कुणी मजल्यावर मजले चढवून विकत असेल तर त्यात आपले पैसे घालू नकोस. हा फरक तुम्ही केलात, त्याने माझ्या मनातला तुमचा आदर दुणावला.

शेवटी डोंगराकडच्या बाजूला, चौथ्या मजल्यावरचं, जुन्या इमारतीतलं हे घर मिळालं. लिफ्ट लहान आहे, स्वयंपाकघर अरुंद आहे. पण मीटर जुन्याच जागी आहेत, भाडेपट्टा सोसायटीच्या नावावर आहे, आणि संध्याकाळी खाली बायका बाकावर बसलेल्या असतात. सासूबाईंची तिथे ओळख झालीसुद्धा. ह्यांची मेट्रो, माझं ऑफिस चालत. तुम्ही एका पैशाची अपेक्षा न ठेवता, गुडघे दुखत असताना, उन्हापावसात आमच्यासोबत फिरलात. माझी आई असती तर तिनेही असंच केलं असतं, याहून जास्त मला लिहिता येत नाही.

एक काम आहे. तलावातल्या गाळाबद्दल महापालिकेला अर्ज द्यायचा असं आमच्या सोसायटीच्या सभेत ठरलंय आणि मसुदा माझ्याकडे आलाय. कोकण भवनात अर्ज वाचण्यात तुमचा जन्म गेला, तेव्हा तो तुमच्या नजरेखालून जायला हवा. वास्तुशांतीच्या दिवशी जेवणं झाली की बसू.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची नवी शेजारीण