यंत्राआधी ग्राइंडर घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील घरगुती कॉफी यंत्रांवरचा लेख वाचला. कोणते यंत्र किती बारचे (बार म्हणजे दाबाचे एकक) आणि कोणत्याचा रंग स्वयंपाकघराला शोभेल, हे सविस्तर आले होते. पावडर किती ग्रॅम घ्यायची, ती किती बारीक हवी, बिया कधी भाजलेल्या असाव्यात, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हते. कॉफी बिघडते ती बहुधा इथेच, आणि खापर फुटते यंत्रावर.

आधी बारचा हिशेब. खोक्यावर छापलेले १५ किंवा २० बार म्हणजे पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो तो आकडा. एस्प्रेसोला, म्हणजे गरम पाणी दाबाने पावडरीतून ढकलून काढलेल्या कडक कॉफीला, पावडरीवर साधारण ९ बार पुरतात. इटलीचे लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेले यंत्र वाफेच्या दाबावर चाले आणि त्यातून क्रेमा (कॉफीवरचा फेस) येत नसे. दाट सोनेरी फेस मिळू लागला तो १९४८ च्या सुमारास, इटलीच्याच अकिले गाज्जा यांच्या स्प्रिंगच्या दांड्याच्या यंत्रांमुळे. गॅसवर ठेवायचे मोका पॉट (बियालेत्ती, १९३३) एक-दोन बारच्या पुढे जात नाही. त्यातली कॉफी चांगली कडक होते, पण तिला एस्प्रेसो म्हणता येणार नाही. आणि आपल्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर ‘एस्प्रेसो’ म्हणून मिळते ती तर वाफेने फेसाळलेल्या दुधातली इन्स्टंट कॉफी, वर कोको भुरभुरलेली. ती आवडायला काहीच हरकत नाही. फक्त तशी चव हवी असेल तर पंपाचे यंत्र विकत घेऊ नये.

स्वस्त यंत्रांसोबत येणाऱ्या बास्केटला (पावडर भरायच्या जाळीच्या वाटीला) बऱ्याचदा दुहेरी तळ असतो. आतून जाळी दिसते, पण बाहेरच्या तळाला सुईच्या टोकाएवढे एकच छिद्र असते. त्यातून कॉफी जोराने ढकलली गेल्याने, पावडर कशीही असली तरी फेस येतोच. शिळ्या, जाड दळलेल्या पावडरीवरही क्रेमा दिसतो तो यामुळे. एकेरी तळाच्या बास्केटमध्ये अशी सोय नाही. तिथे पाण्याला अडवायचे काम पावडरीलाच करावे लागते, आणि म्हणून दळण नेमके हवे.

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात हे दळण होत नाही. पाते बी फोडते, त्यामुळे रव्यासारखे कण आणि पिठी एकत्रच राहतात. पिठीचा अर्क जास्त उतरून कॉफी कडवट होते, जाड कण कच्चेच राहून आंबट लागतात, आणि एकाच कपात दोन्ही दोष येतात. दोन चकत्यांमधले अंतर कमी-जास्त करता येते तो बर ग्राइंडर घ्यावा, हाताचा असला तरी चालेल. ठरलेल्या रकमेत यंत्र आणि ग्राइंडर दोन्ही चांगले बसत नसतील, तर यंत्र साधे घ्या.

माप असे धरावे. दुहेरी मापाच्या बास्केटमध्ये १८ ग्रॅम पावडर, कपात ३६ ग्रॅम कॉफी, आणि पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. १५ सेकंदांतच फिकट धार लागली तर कॉफी आंबट, पाणचट होणार. दळण एक-दोन खुणा बारीक करावे. ४५ सेकंदांनीही थेंबच पडत असतील तर दळण जाड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पावडरही वाढवली आणि दळणही बदलले, तर चव कशाने सुधारली हे कळायला मार्ग राहत नाही. टॅम्परने (पावडर दाबायच्या ठोकळ्याने) किती जोर लावला यापेक्षा तो सपाट बसला का, हे महत्त्वाचे. पावडर एका बाजूला कलली की पाणी पातळ बाजूने वाट काढते आणि बाकीच्या पावडरीचा अर्क नीट उतरत नाही. कॉफी काढल्यावर उरलेली पावडरीची चकती पाहिली की ते दिसते: काठाशी एक भोक, नाहीतर भेग. पहिल्या कपाआधी रिकाम्या पोर्टाफिल्टरमधून (बास्केट बसवायच्या दांड्याच्या भागातून) गरम पाणी सोडून तो तापवून घ्यावा. थंड धातू पाण्याची उष्णता ओढून घेतो.

आता फिल्टर कॉफीकडे. वीज नाही, पंप नाही, आणि तरीही आपल्या घरांतून ती यंत्रापेक्षा जास्त बिघडते. पितळेचा किंवा स्टीलचा दोन मजली डबा, वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे, आत दांड्याची चकती (हिला काही घरांत छत्री म्हणतात) आणि झाकण. दोन टंबलरांसाठी २० ग्रॅम पावडर आणि १२० मिली पाणी. पावडर वरच्या भांड्यात घालून डबा हलकेच आपटून सपाट करावी, चकती नुसती टेकवावी. ती दाबून बसवणे ही सर्वांत मोठी चूक, पाणी अडते. उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने पावडर भिजेल इतकेच पाणी घालावे, अर्धा मिनिट थांबावे, मग उरलेले चकतीवर सोडावे. झाकण लावून १५ ते २० मिनिटे हात लावू नये. पावडर आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली ८० मिलीच्या आसपास डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, मिळते.

पाच मिनिटांत सगळे खाली आले तर दळण जाड आहे. अर्ध्या तासानेही वर पाणी साचलेले असेल, तर बारीक दळणाला दोष देण्याआधी वरचे भांडे किंचित उचलून पाहावे. दोन भांडी घट्ट बसली की खालच्या भांड्यातली हवा कोंडते आणि थेंब थांबतात. उचलताच फुस्स आवाज होतो आणि ठिबक पुन्हा सुरू होते. तसे झाले नाही तर छिद्रे बुजलेली असतात. भांडे उजेडाकडे धरून पाहावे. स्टीलचे असेल तर रिकामा तळ गॅसच्या आचेवर थोडा वेळ धरला की अडकलेली पावडर जळून जाते, मग ब्रशने घासावे.

चिकोरीवरून (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीवरून) उगाच नाके मुरडली जातात. तिच्यात कॅफीन नाही, पण ती पाण्यात कॉफीपेक्षा बरीच जास्त विरघळते, त्यामुळे डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा येतो, दुधातही चव टिकते. ८०:२० किंवा ७०:३० हे प्रमाण दुधाच्या कॉफीला छान. नियमानुसार मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. ५३:४७ चे पाकीट म्हणजे जवळपास निम्मी चिकोरी, हे वाचून घ्यावे. ती पाणी धरते आणि फुगते, म्हणून जास्त चिकोरीची पावडर किंचित जाड दळून मागावी. एस्प्रेसो यंत्रात मात्र हे मिश्रण घालू नये, बास्केट तुंबते.

डिकॉक्शन कधीही उकळू नये. सुगंध उडतो, कडूपणा उरतो. सकाळचे गार झाले असेल तर त्याची वाटी गरम पाण्यात ठेवावी. दूध वेगळे, कडकडीत तापवावे आणि ३० मिली डिकॉक्शनला ९० ते १०० मिली घ्यावे. साखर टंबलरमध्ये आधी घातली की डबऱ्यात (टंबलरखालच्या पसरट वाटीत) दोन-तीनदा ओतून घेताना विरघळते आणि फेसही येतो. म्हशीच्या दुधाने कॉफी दाट होते, पण चव दबते. तेव्हा डिकॉक्शन थोडे वाढवावे. जायफळ हवे असेल तर दुधात, तेही चिमूटभरच.

पाण्याकडे कोणी पाहत नाही. बोअरच्या जड पाण्याने यंत्रात क्षार साचतात आणि चव बोथट होते. आरओमधून जवळजवळ क्षार नसलेले पाणी आले तर कॉफी सपक लागते. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) १५० च्या आसपास असेल तर उत्तम. दोन्ही पाणी मिसळून तिथवर आणता येते.

राहिला ताजेपणा. भाजलेल्या बियांमधून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून एस्प्रेसोसाठी भाजल्यानंतर साधारण आठवड्याने त्या वापराव्यात. दळलेली पावडर मात्र काही दिवसांतच मावळते. एका वेळी पाव किलोच घ्यावी, हवाबंद डब्यात कपाटात ठेवावी. उघडलेला डबा रोज फ्रीजमधून आत-बाहेर केला की आत दव धरते.

माटुंग्यात आणि इतरत्रही समोर दळून देणारी दुकाने आहेत. ‘फिल्टरसाठी’ एवढेच न सांगता स्टीलच्या फिल्टरसाठी, मोकासाठी की यंत्रासाठी, हे ग्राहकाने सांगावे. आणि उत्पादकांना विनंती, की पाकीट भरल्याच्या तारखेशेजारी बिया भाजल्याची तारीखही छापा. काही छोटे भाजणारे ती आजही छापतात, तेव्हा मोठ्यांना ते जड जाऊ नये.

आपला,
एक वाचक, पुणे