‘काय झालं रे?’ विचारणाऱ्या काका-काकूंचे आभार

माझी १९७२ची डॅटसन २४०झेड पुन्हा नाकासमोर धावतेय, म्हणून हे चार शब्द. या गाडीला पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) बदलायची सोयच नाही. म्हणून मी लांबी कमी-जास्त करता येणारे दुसऱ्या कंपनीचे कंट्रोल आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) घरीच बसवले. खालचा आर्म लांबवला की चाक खालून बाहेर सरकतं आणि ‘टो’, म्हणजे वरून बघता चाकांची दिशा, हाही बिघडतो, हे डोक्यातच आलं नाही.

अमेरिकेतल्या सॅन होजेच्या पार्किंगमध्ये टायरची झिजलेली आतली कड बघून तोंडातून ‘आयला!’ निघालं, तर मागून मराठीतच प्रश्न आला. काकांनी टायरकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट आत वाकून आर्मची लांबी पक्की धरणाऱ्या लॉकनटला बोट लावलं: सैल! डाव्या आर्मचे आटे उजव्यापेक्षा तीन जास्त बाहेर. मग काकूंनी डिकीतून दोरा काढला, दोघांनी तो चाकांना लावून टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) जुळवले. आर्म चाकाला जोडणाऱ्या बॉल जॉइंटला मी जुनीच कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) घातली होती. त्यावरून बोलणी खाल्ली, आणि ती रास्तच होती. नवी पिनही त्यांच्याच डब्यातली.

पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. काका-काकू, मनापासून आभार. आणि तुमचा चौदाचा पाना माझ्याकडेच राहिलाय.